घरची हजेरी

थोरवेवस्ती, ता. राहुरी
४ जानेवारी १९७३

सहादेव,

पाच वर्षांनी लिहितो आहे. माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडता ठेवून देशील, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून, मनकर्णेकडून, लिहवून घेतला आहे.

आईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा मी तो भात उचलून सगळ्यांदेखत खाल्ला आणि म्हणालो, "आईला भूक नाही, मला आहे." तू ओल्या धोतराने तसाच घाटावरून निघून गेलास. भात खाल्ल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तू गेलास याचं वाईट वाटतं. दोन्ही खरं आहे. यापुढे या विषयावर मी बोलणार नाही.

टोपीच्या गोंड्यावरून लहानपणी आई आणि तू मला 'गोंड्या' म्हणायचात. हे पत्र त्या गोंड्याचं नाही. एका नागरिकाने शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याला लिहिलेलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी रतनला शाळेत पाठवलेलं नाही. ती नऊ वर्षांची आहे, चौथीत. मी तिला घरी शिकवतो. भूमितीला शेताचे बांध आहेत, इतिहासाला माझ्या दोन ट्रंका पुस्तकं आहेत. गेल्या आठवड्यात नोटीस आली: सक्तीच्या वयातलं मूल शाळेत गैरहजर, पालकावर कारवाई का करू नये? कोण कोणावर कारवाई करणार? ज्या शाळेत अडतीस पोरांत सात पाट्या आहेत ती शाळा माझ्यावर? नालाबांधाच्या दुष्काळी कामावर परवा दोन हजार मजुरांसमोर मी हाच प्रश्न विचारला. टाळ्या पडल्या. पण टाळ्यांनी नोटीस मागे जात नाही, हे मला कळतं.

म्हणून विचारतो. कायदा मुलाला शाळेत बसवण्याची सक्ती करतो, की शिकवण्याची? बापाने घरी शिकवलं तर तो गुन्हा आहे का? नसेल तर मी काय सिद्ध करायचं, कोणापुढे आणि कसं?

रतनची प्रकृती ठणठणीत आहे. मनकर्णेने तुला वेगळं काही कळवलं असेल तर लक्ष देऊ नकोस.

रंगनाथ


२३ जानेवारी १९७३

सहादेव,

टंकलेखित उत्तर मिळालं. वर 'महोदय', खाली शिक्का. सख्ख्या भावाला जावक क्रमांक घालून पत्र लिहिणारा माणूस या जिल्ह्यात तूच. पण तू नीट समजावलं आहेस, ते नाकारत नाही.

मला उमगलं ते असं. एकोणीसशे सत्तेचाळीसच्या कायद्याप्रमाणे आपला भाग सक्तीच्या योजनेत येतो, आणि त्या वयाचं मूल शाळेत पाठवणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मूल पाठवलं नाही तर नोटीस, मग सुनावणी, मग हुकूम, आणि हुकूम मोडला तर मॅजिस्ट्रेट आणि दंड. पण वाजवी सबब असेल तर सूट आहे. मूल आजारी असेल, शाळा फार लांब असेल, किंवा मुलाला दुसऱ्या रीतीने शिक्षण मिळत असेल आणि ते पुरेसं आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली असेल.

खात्री! साऱ्या कायद्याची किल्ली या शब्दात, आणि किल्ली अधिकाऱ्याच्या खिशात. यावर मी तासभर बोलू शकतो. कागद वाचवतो.

तू पुढे लिहितोस, कायद्यात नाही, पण घरी हजेरीपुस्तक ठेवावं, रोज ठरलेल्या वेळी हजेरी घेऊन धडा नोंदवावा, तपासणीला आधार होतो. मी वही आखली. गेल्या सोमवारी साडेदहाला पडवीत बसलो. समोर रतन. मी म्हणालो, "रतन रंगनाथ."

ती माझ्याकडे बघत होती. बहिरी नाही, रुसलेली नाही. मी पुन्हा म्हणालो. ती कान देऊन बसली होती, जणू कोणी अजून बोलायचं राहिलं आहे. मी तिसऱ्यांदा म्हणालो नाही. सभेत मी कधी कोणाला तीनदा विचारत नाही. 'ह' मांडला आणि अपूर्णांक शिकवले. तिने सगळी उदाहरणं बरोबर सोडवली.

असं रोज चाललं आहे. तू विचारशीलच, म्हणून सांगतो: हे घरी सुरू झालेलं नाही. शाळेचा दर्जा हे कारण मी लिहिलं ते खोटं नव्हतं. पण मी तिला काढलं ते त्यासाठी नाही.

राहीबाईची छबू तुला आठवणार नाही, तू गेलास तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. रतनच्याच वर्गात, रतनच्याच शेजारी बसायची. गेल्या एप्रिलमध्ये आपल्या मळ्यातल्या विहिरीत ती गेली. पाणी तळाला लागलं होतं. पोरी दोराने खाली उतरून वाटीवाटीने घागर भरायच्या. कपारीची दरड सुटली. वर रतन होती.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शलमोन गुरुजींनी छबूचं नाव पटावरून काढलं नाही. पट आणखी घटला तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते, हे तू माझ्याहून जास्त जाणतोस. शिवाय राहीबाई त्यांच्या पाया पडली. "नाव नका खोडू, गुरुजी. तेवढी एकच जागा हाय जितं माजी पोर अजून हाय."

मग ते नाव पुकारल्यावर 'हजर' कोणी म्हणायचं? शेजारी बसणारीने.

जून ते ऑक्टोबर रतन दोन वेळा 'हजर' म्हणत होती. स्वतःचा एकदा, छबूचा एकदा. दिवाळीच्या आधी तिने स्वतःचा म्हणायचं सोडून दिलं.

रंगनाथ


१२ फेब्रुवारी १९७३

सहादेव,

तू विचारलंस, 'हे तुम्हाला ठाऊक होतं का?' 'तुम्हाला' लिहिलंस आणि शिक्का मारला नाहीस, त्यातूनच तुझा राग समजला.

होय. ठाऊक होतं. जुलैत गुरुजी आमच्याकडे आले, खाली मान घालून म्हणाले, "रंगनाथराव, पोरगी छबूच्या नावाला पुटपुटते. साहेब आले तर संशय घेतील." मी वस्तीची शाळा वाचवण्यासाठी चार सभा घेतलेला माणूस. मी रतनला अंगणात उभं केलं आणि सांगितलं, मोठ्याने बोल, पोटातून आवाज काढ, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. तिची तयारी मी करून घेतली, सहादेव. खोटं बोलायला नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं, एका मोठ्या गोष्टीसाठी. माझ्या सगळ्या भाषणांत मी याच शब्दांना झोडपत आलो आहे.

आता ऐक, आणि हसू नकोस. आपल्या पडवीपासून शाळा तीन शेतं लांब आहे. तिथली घंटा इकडे ऐकू येत नाही. तरी रोज साडेदहाच्या पुढे पाचसात मिनिटांनी रतन मान वर करते आणि म्हणते, "हजर." पोटातून. शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

मी योगायोग मोजायचं ठरवलं. परवा घड्याळ घेऊन शाळेच्या ओट्यावर जाऊन बसलो. राहीबाई तिथे आधीच होती. रोज येते. भाकरी बांधून कामावर जायच्या आधी खांबाला टेकून बसते, लेकीचं नाव ऐकते आणि उठून जाते.

गुरुजींनी हजेरी सुरू केली. छबूच्या नावाला थांबले. पोरांनी दाराकडे माना वळवल्या, सगळ्यांनी एकदम. कोणी काही बोललं नाही. मी घड्याळ पाहिलं. दहा छत्तीस. गुरुजींनी टाक उचलून 'ह' मांडला. राहीबाईने पदराने तोंड पुसलं.

मी म्हणालो, "राहीबाई, आत कोणी बोललं नाही."

"तुमाला न्हाई आलं व्हय ऐकू?" ती उठत म्हणाली. "लई भाषनं देता, तात्या. कान बसलं असतील."

घरी आलो. मनकर्णेने भिंतीवरच्या घड्याळावरून सांगितलं, आज रतन दहा छत्तीसला बोलली. मी विचारलं नव्हतं.

मनकर्णा म्हणते काष्टीला कोणी जाणता आहे, त्याच्याकडे नेऊ. मी तिला ताट भिरकावण्याइतका ओरडलो. ताट भिरकावलं नाही. वीस वर्षं मी गावोगाव हेच सांगत फिरतो की भूत हे माणसाच्या भीतीचं टोपणनाव आहे. माझ्याच घरी मांत्रिक आला तर उद्या मी कुठल्या तोंडाने उभा राहू? आणि मुलीला परत शाळेत पाठवलं तर ती त्या जागेवर छबू होऊन बसेल. म्हणून मला ती सूट हवी आहे. आता तुला खरं कारण कळलं. अर्जात काय लिहायचं ते तू सांग.

रंगनाथ


६ मार्च १९७३

सहादेव,

तू टपालाने पाठवलेली प्रश्नपत्रिका रतनने सोडवली. गणित, वाचनावरचे प्रश्न आणि भूगोल सोबत आहेत. निबंध गेल्या रविवारीच पाठवायला हवा होता. मी तो उशीखाली ठेवला होता. तू विषय दिलास 'माझी मैत्रीण'. तुझा हेतू चांगला असेल.

मूळ कागद मी देणार नाही. नक्कल करतो. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, एवढं तपासणी अधिकारी म्हणून नोंदवून घे.

"माझ्या मैत्रिणीचे नाव छबू. ती डावखुरी आहे. ती मला रते म्हणते. आम्ही विहिरीवर गेलो. मी वर थांबले कारण मी जड आहे. दोर बाभळीला बांधला होता. ती खाली वाटीने घागर भरत होती. वाटीचा आवाज येत होता. मग आवाज थांबला. बारा वाजले होते. आजी सांगायची, भर दुपारी विहिरीतून नावाने हाक आली तर ओ देऊ नये. ते दोनदाच हाक मारतात. माणूस असेल तर तिसरी हाक मारतो, तेव्हा ओ द्यावी. विहिरीतून हाक आली, रतन. छबू मला रतन म्हणत नाही. मी ओ दिली नाही. परत हाक आली, रतन. मी ओ दिली नाही. मग माती पडल्याचा आवाज आला. मी तिसऱ्या हाकेसाठी थांबले. मी अजून थांबले आहे. माझी मैत्रीण मला फार आवडते."

आईने हे आपल्यालाही सांगितलं होतं. न्हाणीपाशी, शेंगदाणे निवडताना. तू घाबरायचास, मी हसायचो. मी तिच्या पिंडाचा भात खाल्ला, पण तिने माझ्या मुलीच्या कानात ठेवलेली ही एक गोष्ट काढायला विसरलो. ती तिथे आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी निबंध वाचून दाखवला तेव्हा मनकर्णा भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "मग मारा की तिसरी हाक! इतके दिवस दोनदाच म्हणता. जीभ झिजंल का तुमची?"

मी म्हणालो, त्याने तिचा तो खुळा समज पक्का होईल.

"आन् न मारल्यानं काय होतंय, बघताय न्हवं?"

मी हरलो. माझ्या आयुष्यात इतक्या साध्या वाक्याने मला कोणी हरवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी तीनदा म्हणालो. रतन, रतन, रतन. तिने पाटीवरून मान वर केली आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "तात्या, ती हाक खालून यायला पाहिजे."

सुनावणी दोन एप्रिलला आहे. तुझी खात्री पटली का, ते कळव. माझी कशावरच पटलेली नाही.

रंगनाथ


२६ मार्च १९७३

सहादेवा,

मी विहिरीत उतरलो.

कोणत्या तत्त्वावर, ते विचारू नकोस. तत्त्व वर बाभळीला बांधलं होतं.

विहीर आता कोरडी ठाक आहे. दोराला मनकर्णा आणि राहीबाई होत्या. राहीबाईला निबंध मी स्वतः वाचून दाखवला होता. मला वाटलं होतं ती रतनला शिव्या देईल. ती म्हणाली, "मंजी माजी पोर दोनदा बोलली." एवढंच. आणि दोर धरायला आली. कासऱ्याचा पीळ तपासून मला म्हणाली, "तात्या, वजन कमी करा जरा. नुसती भाषनं खाऊन बी मानूस फुगतंय." मनकर्णाही हसली. रतन काठाच्या दगडावर बसली होती, ज्या दगडावर ती त्या दिवशी बसली होती.

बाराला पाच कमी होते तेव्हा माझे पाय तळाला लागले. छबूला काढताना बाजूला सारलेली दरडीची माती अजून तशीच आहे, तिच्यात एक पितळी वाटी अर्धी रुतलेली. वर पाहिलं तर आभाळ ताटाएवढं, आणि त्याच्या काठावर पोरीचं डोकं, काळं. मी हातातलं घड्याळ कानाला लावलं. ते चालू होतं.

आता जे लिहितो ते मनकर्णेलाही सांगितलेलं नाही.

मी तोंड उघडायच्या आधी मला हाक आली. वरून नाही. माझ्या मागून, मातीच्या बाजूने, कमरेइतक्या उंचीवरून. दूर नव्हती, घाई नव्हती. शेंगदाणे निवडताना मारावी तशी. "गोंड्या."

मी वळलो नाही. एवढ्याशा जागेत वळलो असतो तर छातीला भिंत लागली असती. विहिरीत आवाज घुमतो, हे मी स्वतः गावोगावच्या पोरांना शिकवलं आहे. पण घुमायला कोणीतरी आधी बोलावं लागतं. वर तिघी गप्प होत्या, आणि तिघींपैकी कोणाला ते नाव माहीत नाही.

पुन्हा आली. "गोंड्या."

मी ओ दिली नाही. सहादेवा, दोन हजारांच्या सभेत ज्याचा आवाज कधी कापला नाही, तो मी, पन्नाशीचा माणूस, ओठ मिटून उभा राहिलो आणि मोजत होतो.

तिसरी आली नाही.

तेव्हा मला कळलं की माझी मुलगी अकरा महिने कुठे उभी होती. आणि मग मी ओरडलो. पोटातून नाही, कुठून ते माहीत नाही. "रतन!"

वरून आवाज आला. बारीक, तिचा स्वतःचा, थोडा किरटा, जसा तापातून उठल्यावर येतो तसा.

"ओ, तात्या."

दोघींनी मला ओढून काढलं तेव्हा रतन रडत होती, नऊ वर्षांच्या मुलीने रडावं तसं, नाक वाहेपर्यंत. मी खिशातून वाटी काढून राहीबाईला दिली. तिने ती पदराने पुसली, आत पाहिलं, रतनच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ठेव. तुज्या संगट खेळायची ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी, हजेरीच्या बऱ्याच आधी, राहीबाई शाळेत आली ती ओट्यावर टेकली नाही. सरळ आत गेली आणि गुरुजींना म्हणाली, "खोडा." गुरुजींचा टाक उठेना. मी तिथेच होतो. तिने स्वतः बोट ठेवून ओळ दाखवली, तिला वाचता येत नाही तरी ती ओळ तिला ठाऊक होती. रेघ मारली गेली. मी साडेदहाच्या आत घरी पोचलो; रतन दहा छत्तीसला गप्प राहिली. दहा सदतीसला तिने मला विचारलं, आज हजेरी घेणार नाही का.

घेतली. एकदाच नाव पुकारलं. 'हजर' म्हणाली. वहीत जो 'ह' मांडला, तो या वर्षातला पहिला खरा. मागचे सगळे मी खोडले आहेत, तपासणीत दिसतील. गुरुजींचा पट एकाने कमी झाला, त्यांच्या जागेसाठी मी तुझ्या कचेरीसमोर बसेन, ते वेगळं. पण या वेळी खोट्या नावावर बसणार नाही.

आता कामाचं. रतन जूनपर्यंत माझ्याकडे शिकेल. जूनमध्ये शाळेत जायचं की नाही ते ती ठरवेल. तोवर मला ती सूट लागेल आणि तुझ्या कायद्याला खात्री लागते. कागदावर मी खूप पाठवलं. आता तू स्वतः ये. पुस्तकं तपास, पाढे विचार, तिला काका कसा दिसतो ते पाहू दे. दोन तारखेच्या आधी ये.

आणि एक मागतो. नागरिक म्हणून नाही.

त्या दिवसापासून मला कोणी नावाने हाक मारली की मी ओ देत नाही. मुद्दाम नाही. परवा सभेत अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी खुर्चीत कान देऊन बसून राहिलो. मनकर्णेने अजून ओळखलेलं नाही. रतनने ओळखलं आहे. काल जेवताना तिने हळूच विचारलं, "तात्या, तुमच्या किती झाल्या?"

ते नाव माहीत असलेला जगात आता तू एकच आहेस. राहुरीच्या बसमधून उतरलास की शेताच्या बांधावरून ये. दारात येऊ नकोस, आधी बाभळीपाशी थांब. विहिरीत उतरू नकोस, तुला गुडघ्याचा त्रास आहे आणि मला ते सोसणार नाही. नुसता वाक आणि आत तोंड करून मला एकदा हाक मार. त्या नावाने. एकदाच पुरे.

मी पडवीत बसलेला असेन. ओ देईन.

गोंड्या